सरगुंड्यांचं पीठ

माझ्या मुलीनं सरगुंडे पहिल्यांदा नीट पाहिले तेव्हा ती म्हणाली, "पापा, ये तो स्प्रिंगवाले नूडल्स हैं." मी तिच्यावर उखडलो. उखडण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण घरच्या पदार्थाला कुणी बाहेरचं नाव दिलं की मला झोंबतं. बायको म्हणते, तुमच्या घरात कुणाच्याच नाकावर माशी बसत नाही. तिचं म्हणणं खोटं नाही.

सरगुंडे म्हणजे आमच्या भंडाऱ्याकडच्या हातशेवया. पिठाचा बारीक धागा ओढायचा, तो काडीवर वेढ्याला वेढा लावत गुंडाळायचा, मग काडी अलगद ओढून घ्यायची आणि जे पोकळ वेटोळं उरतं ते सावलीत वाळवायचं. उन्हाळ्यात ते उकळत्या पाण्यात शिजवतात, वर तूप सोडतात आणि आंब्याच्या रसात खातात. गावाकडे काडी असते ओढ्याकाठच्या बोरूची. आईबाबा लग्नानंतर भिलाईला आले ते सेक्टर दोनच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये, आणि तिथे ओढाही नव्हता, बोरूही नव्हता. बाबा स्टील प्लांटमध्ये फिटर होते. त्यांनी आपल्या जुन्या सायकलचे स्पोक काढले, वाकडी डोकी कापली, टोकं कानशीनं घासून गुळगुळीत केली, स्पोक चिंच लावून लख्ख केले आणि आईपुढे ठेवले. तेव्हापासून आमच्याकडे सरगुंडे सायकलच्या स्पोकवर होतात आणि गावच्यापेक्षा बारीक होतात. माझी आत्या दरवर्षी ते पाहून हसायची आणि दरवर्षी डबाभर बांधून न्यायची.

आईच्या सरगुंड्यांचं आमच्या ब्लॉकमध्ये मोठं नाव होतं. चैत्र लागला की बायका तिला विचारायला येत, गहू कोणता घेतला, पाणी किती घातलं. आई सगळं सांगायची. बन्सी गहू ओलवून फडक्यात बांधायचा, सावलीत वाळवायचा, चक्कीवर जाडसर काढायचा, जुन्या ओढणीतून चाळायचा. मीठ चिमूटभर. पीठ घट्ट भिजवून तासभर झाकून ठेवायचं आणि मग कुटायचं. बायका घरी जाऊन तसंच करत, आणि त्यांचा धागा वीतभर आला की तुटे. आईचा हातभर यायचा. "बाईच्या हातालेच आहे थे," असं म्हणून त्या हार मानत. बाबा अशा वेळी ओसरीत खुर्चीवर असले तर पेपर खाली न करता म्हणत, "आपलं काय बाप्पा, आपण खाणारे."

शिजवणं, गुंडाळणं हे कुणालाही शिकता येतं. सगळी मेख कुटण्यात असते. भिजवलेला गोळा पाट्यावर ठेवून लाकडी मोगरीनं कुटायचा, घडी घालायची, तेलाचा हात लावायचा, पुन्हा कुटायचा, तास-सव्वा तास. पीठ रबरासारखं ताणलं जाईपर्यंत थांबायचं नाही. आमच्या घरी त्यासाठी एक वेगळी मोगरी होती, कपड्यांना कधी न लावलेली. ती पाट्यामागे उभी असायची.

आई कुटताना मी कधी पाहिली नाही. हे मला पन्नाशी जवळ आल्यावर सुचलं, यावरून माझी नजर किती तेज आहे ते कळावं. पण लहानपणी त्याला कारण होतं. उन्हाळ्यात आमची शाळा सकाळची. बाबांची रात्रपाळी असेल त्या आठवड्यातच आई सरगुंड्यांचा घाट घालायची. बाबा साडेसहाला घरी येत, आम्ही भावंडं पावणेसातला निघत असू आणि दुपारी परतायचो तेव्हा तेल लावलेल्या पातेल्यात पीठ तयार असे, वर ओलं फडकं. बाबा आत झोपलेले. आई म्हणायची, "हळू बोला, तुमचा बाप रातभर राबून आला." पुढे मी शिकायला बाहेर गेलो, मग दुर्गच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत लागलो, स्मृती नगरात घर केलं. बाबा निवृत्त झाल्यावर त्यांनी क्वार्टर लीजवर घेतलं आणि दोघं तिथेच राहिले. मी दर रविवारी दहा वाजता जायचो आणि जेवून यायचो. स्वतःला चांगला मुलगा समजायचो.

मागच्याच्या मागच्या श्रावणात बाबा गेले. सकाळी चहा मागितला आणि चहा यायच्या आत गेले. आईनं रडणं आवरून घेतलं, पण घरातल्या कामांतून तिचं मन उडालं. माझ्याकडे राहायला ये म्हटलं तर म्हणे, "माहं काय अडलं इथं? पल्याड काकू हाये."

काकू म्हणजे शेजारच्या. त्यांची खोली आणि आमची स्वयंपाकाची खोली यांच्यामध्ये एकच भिंत. काका आणि बाबा एका खात्यात, एका पाळीत. दोघं तीस वर्षं जोडीनं सायकलवर गेट गाठत.

आमच्याकडे माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या अक्षय तृतीयेला त्याच्या नावाची घागर भरतात. मातीच्या नव्या घागरीत पाणी, वाळा, वर आंबा. पुढे पानावर रस आणि सरगुंडे. आणि त्याच्या जागी म्हणून एका माणसाला जेवायला बसवतात, त्याला आम्ही पितर म्हणतो. बाबांसाठी पितर म्हणून काकांनाच बसवायचं हे कुणी ठरवावं लागलं नाही. मी चैत्रातच आईला विचारलं, गहू आणू का?

"यंदा नोको," ती म्हणाली. "बाजारच्या शेवया आण पुडाभर."

मला वाटलं, दुःखात माणूस असं बोलतो. पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं. तेच उत्तर. मग माझ्या नाकावर माशी बसली. "आई, लोकांच्या घरी डबे भरभरून दिलेस आणि बाबांच्या घागरीला विकतचं? ते जन्मभर काय म्हणत होते? आपण खाणारे. एवढंच मागितलं त्यांनी तुझ्याकडे." हे शब्द मी माझ्या आईला ऐकवले. ती म्हणाली, "आण गहू."

मी गहू आणला, चक्कीवरून काढून आणला. आणि आपण फार टाकून बोललो असं वाटल्यामुळे तिला सोपं जावं म्हणून एक मशीनही मागवलं, नूडल्स काढायचं, दांडा फिरवायचं. मुलीनं मोबाइलवर शोधून दिलं. अक्षय तृतीयेला चार दिवस होते. ते मशीन घेऊन मी कामावर जायच्या आधी सातलाच सेक्टर दोनला पोचलो, न सांगता.

दाराला आतून कडी होती. भिलाईत आमच्या ब्लॉकमध्ये सकाळी सातला कुणी कडी लावत नाही. मी दोनदा वाजवलं. आत काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं आईनं दार उघडलं. तिच्या उजव्या मनगटाला चिंधी घट्ट बांधली होती आणि कपाळाला पीठ लागलं होतं.

स्वयंपाकघरात पाट्याजवळ बादली होती, वर ताट झाकलेलं. मी ताट उचललं. आत पिठाचे गोळे होते, तीन-चार दिवसांचे असावेत, आंबूस वास येत होता. खाटेवरच्या चादरीवर स्पोक पडले होते आणि प्रत्येकावर बोटाच्या पेराएवढे तुकडे. एकही वेढा पुरा नव्हता.

"गाईले द्यायचे आहेत थे," आई म्हणाली.

मी म्हणालो, "अगं, होतं असं कधी कधी. वर्षभर सवय नाही राहिली."

"सवय नव्हतीच कधी." ती पाटावर बसली. "मी नाही कुटलं कधी. हे मनगट पाहिलं नाही का तू?"

पाहिलं होतं. लहानपणी चिंचेवरून पडून तिचं मनगट मोडलं होतं आणि गावच्या कुणीतरी ते वाकडंच बसवलं होतं. ती तवासुद्धा डाव्या हातानं उचलते. हे मी रोज पाहत वाढलो आणि त्या हातानं कुणी सव्वा तास मोगरी कशी चालवील, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

मग तिनं सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सासूचा निरोप आला, नव्या सुनेच्या हातचे सरगुंडे पाठव. आईनं कुटायला घेतलं आणि मनगट सुजलं. बाबा रात्रपाळीहून आले, त्यांनी पाहिलं, दाराला कडी लावली आणि कपडेही न बदलता पाट्यापुढे बसले. सरगुंडे गावी गेले. सासूनं सगळ्या भावकीत कौतुक केलं. "मंग खरं सांगायची सोयच राहिली नाही," आई म्हणाली. "तिनं म्हटलं असतं, लुळी सून आणली अन् पोराले कामाले लावलं. अन् इकडं? ब्लॉकमध्ये एक जण होता, बायकोच्या साड्या वाळू घाले तं प्लांटमधले लोक त्याले धोबी म्हणून हाका मारत. याइले काय म्हटलं असतं? थे म्हणत, झाकली मूठ सव्वा लाखाची. तू बाहेर बस, मी आत बसतो."

म्हणून ती पुढच्या खोलीत दाराशी बसायची, तांदूळ निवडत. कुणी आलं तर बाहेरच थोपवायची. कुटण्याचा आवाज व्हायचा, त्याला उत्तर ठरलेलं होतं: मागे धुणंवाली कपडे धुते आहे. निवृत्तीनंतर पाळी उरली नाही, सासू उरली नाही, प्लांटमधले चिडवणारे उरले नाहीत. वेळ मात्र तीच राहिली, सातची, आणि कडीही.

"तू म्हणला, थे एवढंच मागत होते माह्याजवळ," आई म्हणाली आणि मग रडली. बाबा गेले तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती. "आता काका पानावर बसतील, काकू पाहील. बाजारच्या शेवया पाहून काय समजतील? अन् खरं सांगतलं तं याइचं नाव निघते. मेल्या माणसाले कावून हसवू मी लोकायकडून?"

मला माझी जीभ उपटून त्या बादलीत टाकावीशी वाटली. मी कॉलेजात फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. मशीनचं खोकं न उघडताच बाहेर ठेवलं, बाही सारली आणि मोगरी घेतली.

"दार लाव," आई म्हणाली.

"कशाला?"

"लाव म्हटलं ना."

मी कडी लावली. तिनं एका हातानं मळून नवा गोळा बांधला, झाकून ठेवला, आणि तासाभरानं मी कुटायला बसलो. मला वाटलं ती समोर बसून शिकवील. ती उठून पुढच्या खोलीत गेली, आपल्या जागी दाराशी. तिथून म्हणाली, "मी पाहिलं नाही कधी. ऐकलं आहे. तू मार, मी सांगतो."

लायब्ररीत माझ्या हाताला सगळ्यात जड काम पडतं ते शिक्के मारण्याचं. दहा मिनिटांत खांदा भरून आला. बाहेरून आवाज यायचा, "जड मारून राहिला, पीठ फाटते. उचल अन् पडू दे." मी उचलून पडू द्यायचो. "आता घडी घाल." तिला कसं कळायचं कोण जाणे. "अजून ओलं बोलून राहिलं थे. अजून." घाम पाट्यावर पडू नये म्हणून मी गळ्यात टॉवेल घातला, आणि बाबांच्या गळ्यातही झोपेत टॉवेल असायचा हे आठवलं. त्यांच्या उजव्या तळव्यावर अंगठ्याखाली घट्टा होता. मी तो सगळ्यांना प्लांटचा म्हणून सांगत आलो. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी तो गेला नव्हता.

पहिला गोळा वाया गेला. दुसऱ्या दिवशी दुसरा केला, त्याचा धागा दीड वीत आला. तिसऱ्या दिवशी कुटता कुटता ठोक्याचा आवाज खरंच बदलला, आधी चिकट यायचा तो कोरडा आणि भरीव यायला लागला, आणि त्याच क्षणी बाहेरून आई म्हणाली, "बस." मी गोळ्यातून धागा ओढला. तो हातभर आला. आई आत आली, डाव्या हातानं स्पोक धरला, उजव्या हाताच्या दोन बोटांनी वेढे घालायला लागली. तेवढं ती जन्मभर खरंच करत आली होती आणि त्यात तिचा हात कुणी धरला नसता. संध्याकाळपर्यंत खाट भरली. त्या रात्री माझा उजवा हात जेवताना तोंडापर्यंत जाईना. बायकोनं काही न विचारता तेल गरम करून आणलं.

अक्षय तृतीयेला घागर भरली. काका पांढरा सदरा घालून पानावर बसले. त्यांनी पहिला घास घेण्याआधी घागरीकडे पाहून हात जोडले, आणि मग मान खाली घालून जेवत राहिले. आई वाढत होती. मी तिच्याकडे पाहत होतो, ती काकूंच्या तोंडाकडे पाहत होती.

काकूंनी एक सरगुंडा उचलला, बोटांनी ताणून पाहिला, खाल्ला.

"चांगले झाले, वहिनी," त्या म्हणाल्या. "पण पोराचा हात जड आहे थोडा. भाऊजी हलकं मारत."

आईच्या हातातलं पळीभर तूप तसंच राहिलं. "काय म्हणता?"

"काही नाही जी. तीन दिस ऐकून राहिली ना मी. पहिल्या दिशी तं वाटलं, भिंत पाडते हा."

"तुमाले कसं माहीत?" आईचा आवाज इतका बारीक झाला होता की मला ओळखू आला नाही.

"वहिनी, भिंत एकच आहे आपली," काकू म्हणाल्या. "नळ येते आठले. सात वाजता कपडे कोण धुते?" मग काकांकडे पाहून म्हणाल्या, "आमचे हे तं पहिल्याच वर्षी म्हणले, कोणाजवळ बोलू नोको. बोललो तं तो कुटणं सोडून देईन, अन् त्या बाईचा हात जाईन."

काका मान वर न करता म्हणाले, "ठोके काय लपतात? सगळ्या ब्लॉकले माहीत होतं."

मी सगळा ब्लॉक आठवत बसलो. गहू कोणता घेतला म्हणून विचारायला येणाऱ्या त्या बायका. "बाईच्या हातालेच आहे थे." त्यांतली प्रत्येक जण हे तोंडावरची रेघ न हलवता बोलली होती, वर्षानुवर्षं, आणि माझ्या आईनं ते खरं मानावं म्हणून बोलली होती. मला त्या बायकांबद्दल इतका गहिवर आला की मी उठून पाण्याचा तांब्या भरून आणला, तो भरलेलाच होता तरी.

आई खाली बसली. तिला हसावं की रडावं कळत नसावं. काकूंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्यांना वाटलं, आता उघडं झालंच आहे तर सगळंच बोलावं. "मागच्या खेपेले भाऊजीचे ठोके मंद झाले होते. मधी मधी थांबत. मी याइले म्हटलं होतं, भाऊजीची तब्येत बरोबर नाही दिसत. डॉक्टरकडं ने म्हणाव पोराले. हे म्हणले, आपण सांगू तं कोणत्या तोंडानं सांगू, आपल्याले तं माहीतच नाही ना."

काकांचा हात पानावर थांबला.

आईनं पळी खाली ठेवली. मग घागरीकडे पाहत म्हणाली, "मी तं दाराशीच बसली होती. मी ऐकलं थे. मले वाटलं, यंदा गहूच नरम आहे."

मी दर रविवारी दहाला जात होतो. ठोके सातला पडत होते. शेवटी काकांनीच पान थोडं पुढे सरकवलं आणि म्हणाले, "वाढा वहिनी. तो अर्ध्या पोटी उठत नसे." आईनं वाढलं. त्यांनी भूक नसताना पाच सरगुंडे जास्त खाल्ले, हे त्यांच्याकडे पाहून कळत होतं.

यंदा आईनं कडी लावू दिली नाही. मी सातला पाट्यापुढे बसलो, ती पुढच्या खोलीत दार सताड उघडं टाकून तांदूळ निवडत बसली. येणाराजाणारा डोकावत होता आणि ती प्रत्येकाला सांगत होती, पोरगा पीठ कुटून राहिला, पहिले त्याचे बाबा कुटत. माझा हात आता थोडा हलका झाला आहे. अर्ध्या तासानं मी दम खायला थांबलो तर बाहेरून लगेच हाक आली.

"थांबू नोको रे बाबू. मार. तुह्या काकूले ऐकू गेलं पाहिजे."